पुढची डावी सीट

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या गादीमास्तरांना एक वाईट खोड होती. गिऱ्हाईक गाडी लावून चहाला गेलं की हे सीटवरून हात फिरवायचे, आणि गिऱ्हाईक परतलं की त्याला त्याचीच कुंडली वाचून दाखवायचे. "साहेब, पाकीट मागच्या उजव्या खिशात ठेवता ना? कंबर धरत असेल." समोरचा कंबर धरूनच उभा असायचा. एका टॅक्सीमालकाला म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर दुपारी मागच्या सीटवर झोपतो, आणि डोकं दरवाजाकडे करून झोपतो." मालकानं दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन बघितलं, तर स्वारी घोरत होती, डोकं दरवाजाकडे. बिचाऱ्याची नोकरी जाता जाता वाचली.

"तोंड काय, वाट्टेल ते बोलतं," मास्तर म्हणायचे. "पण माणूस बसतो तो खराच बसतो."

लोक वाहवा करायचे आणि मास्तर फुशारून जायचे. विद्या पक्की होती, त्यात वाद नाही. पण हातात विद्या असली म्हणजे डोक्यात अक्कल असतेच असं थोडंच आहे?

घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन शिवणयंत्रं, रेक्झिनचे ताके, फोमचे तुकडे, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या लोकांच्या सीटा. लग्नाला सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत शेकडो गाड्या मास्तरांच्या हाताखालून गेल्या, पण स्वतःची गाडी दारात आली नाही. लेक लहान असताना "आपण कधी जायचं फिरायला?" म्हणून पिच्छा पुरवायची. तेव्हा मास्तर दुरुस्तीला आलेल्या चार सीटा फरशीवर मांडायचे, पुढे दोन, मागे दोन. शिवणयंत्राचं सुटं चाक हातात धरून ते गाडी हाकायचे. लेक मागे, आणि पुढच्या डाव्या सीटवर बायको, डावा पाय उजव्या मांडीखाली दुमडून, डोळे मिटून. "जरा हळू घ्या," ती म्हणायची, "आता वळणावर तळं दिसेल." लेक खिदळायची. अशा किती सहली झाल्या त्याला गणती नाही, आणि पेट्रोल म्हणाल तर थेंबभर लागलं नाही.

त्या खेळातली एक जुनी सीट मग कोपऱ्यात कायमचीच राहिली. ती बायकोची. ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी घरी आली की आधी त्या सीटवर बसायची, पाय वर घ्यायची आणि चहा प्यायची. मास्तर शिवत असायचे, ती दिवसभराचं सांगत असायची. अॅप्रनच्या डाव्या खिशात तिची ड्रेसिंगची छोटी कात्री असायची. तिच्या टोकानं सीटच्या कडेला बारीक बारीक भोकं पडायची. दर सहा महिन्यांनी मास्तर तो तुकडा बदलायचे आणि दर वेळी तेच बोलायचे, "अगं, कात्री काढून बसत जा." ती म्हणायची, "मग तुम्हाला काम कुठून मिळणार?"

दवाखान्याची वाट मात्र जीव काढणारी होती. बस डोंगराच्या पायथ्याशी सोडायची. पुढे खडीचा चढ, अर्धा तास पायी. त्यातून मधलं सव्वा वर्ष तर तिची परतीची बस हटकून चुकायची. आठवड्यातून चार दिवस तरी. दिवेलागणीला पाय ओढत घरी यायची आणि म्हणायची, "चुकली बाई आजपण." मास्तरांना वाईट वाटायचं. बघू या, घेऊ या, पुढच्या वर्षी नक्की, असं त्यांचं चालायचं. मग गेल्या चार महिन्यांत बस चुकेनाशी झाली आणि ही गोष्ट मास्तर विसरूनही गेले.

एका सकाळी चहाच्या कपाखाली वर्तमानपत्र होतं, आणि नेमकी जाहिरात डोळ्यांसमोर आली. जुनी जीप, चारही चाकांना जोर देणारी, डोंगराच्या रस्त्याला फिट, एकाच मालकानं वापरलेली. मास्तर उडालेच. "अगं, हे बघ! मी म्हणत नव्हतो? शोधणाऱ्याला सापडतं. तुला रोज वरपर्यंत सोडीन, आणि रविवारी आपण तिघं कुठंही!" बायकोनं पोळपाटावरून मान वर केली नाही. "बघून या तुम्ही. मला काय कळतंय गाड्यांतलं," म्हणाली. पण तिच्या गालाला खळी पडली होती. लेकीला घरात सगळे बुटकी म्हणत. आता ती आईच्या डोक्यावरून बघायची, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. तिनं त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. पठार, धरण, जंगलातलं तळं, किल्ला, दुसरा किल्ला.

गाडीचा मालक निवृत्त मोजणी अधिकारी होता. सगळा मुलूख त्यानं साखळीनं मोजला होता म्हणून त्याला मोजणीसाहेब म्हणत. डोंगरमाथ्यावर, दवाखान्याच्याही पुढे, एकटंच घर. माणूस उंच, ताठ, केस पांढरे पण इस्त्रीचा शर्ट. मास्तरांबरोबर मेकॅनिक मित्र आला होता; त्यानं इंजिन ऐकलं, खाली झोपून बघितलं आणि "डोळे झाकून घे" म्हणून सांगितलं. मग मास्तर आपल्या कामाकडे वळले. सीटांकडे.

"घरात कोण कोण?" मास्तरांनी सहज विचारलं.

"आता मी एकटाच," मोजणीसाहेब म्हणाले. मग घाईघाईनं पुढे बोलले, "गाडी मीच वापरली हो. एकट्यानं. बाजूच्या सीटवर कधी कुणी बसलंच नाही."

न विचारता दिलेलं उत्तर होतं ते. मास्तर मनात हसले. कारण पुढच्या डाव्या सीटला तर चांगला रुळलेला खड्डा होता. डावी बाजू खोल, उजवीकडे उभारी, आणि मधोमध टाचेएवढा गोल. इथे कुणीतरी खूप दिवस बसलंय, बाईमाणूस आहे, अंगानं हलकं आहे आणि डावा पाय दुमडून बसतं. मास्तरांचा हात सवयीनं कडेला गेला आणि तिथेच थांबला. कडेला बारीक बारीक भोकं होती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. "कव्हराचं माप घेऊन ठेवतो," असं काहीतरी ते पुटपुटले. जुन्या सीटचं माप घ्यायची त्यांची एक पद्धत होती. सीटवर पातळ कागद ताणून धरायचा आणि वरून खडू आडवा घासायचा. जिथे फोम बसलाय तिथे कागद कोरा राहतो, जिथे उभारी आहे तिथे खडू उठतो. बसणाऱ्याचा छापच निघतो म्हणा ना. तो कागद त्यांनी गुंडाळून काखेत मारला आणि घरी आले.

कारखान्यात कुणी नव्हतं. त्यांनी तो कागद बायकोच्या सीटवर पसरला. खड्ड्यावर खड्डा बसला. टाचेच्या गोलावर टाचेचा गोल बसला. कडेच्या भोकांवर खडूतले कोरे ठिपके असे जुळले की वाटावं माप इथूनच नेलंय.

मास्तर फरशीवर बसले. सव्वा वर्ष चुकणारी बस आठवली. एकटा माणूस, इस्त्रीचा शर्ट, "बाजूला कधी कुणी बसलंच नाही" हे आठवलं. पोळपाटावर खाली घातलेली मान आठवली, आणि ती खळीसुद्धा आठवली. सुतावरून स्वर्ग गाठतात तसं या माणसानं सुतावरून नरक गाठला. आता तुम्ही आम्ही काय केलं असतं? जिना चढून वर गेलो असतो आणि विचारलं असतं, की बये, हे काय आहे? मास्तरांनी ते केलं नाही. त्यांना आपल्या विद्येवर भरवसा होता, सतरा वर्षांच्या बायकोवर नव्हता. राग येतो तो इथे येतो मला.

संध्याकाळी ती चहा घेऊन कोपऱ्यातल्या सीटवर बसली. मास्तर दाभणात दोरा ओवत होते. दोरा जाईना.

"जीपमध्ये कधी बसलीयस का गं तू?"

"मी?" ती हसली. "मी कशाला बसतेय! आता बसेन की तुमच्या."

ती हसली हेच त्यांना लागलं. इतकं सहज खोटं बोलता येतं हिला, असं त्यांच्या मनात आलं. ते तीन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. तिच्या हातचा चहा प्यायचे, तिनं वाढलेलं जेवायचे. प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतं म्हणून तर आतडं तुटत होतं. बुटकी यादी वाचून दाखवायची आणि हे "हं, हं" करायचे.

रविवारी तिघं जीप बघायला गेली. मोजणीसाहेब फाटकात उभे होते. त्यांनी बायकोकडे बघून असा नमस्कार केला, की शाळेच्या नाटकात पोरंसुद्धा बरा करतील. तीही "नमस्कार, नमस्कार" म्हणाली आणि सरळ मागच्या दरवाजाकडे गेली.

"पुढे बस," मास्तर म्हणाले.

"बुटकीला बसू दे की."

"तू बस."

ती बसली. दोन्ही पाय खाली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. परक्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखी. मागे बुटकी आणि मोजणीसाहेब. मास्तरांनी गाडी सुरू केली आणि माथ्यावरच्या कच्च्या रस्त्याला घातली. गाडी खरोखर नामी होती. खड्डे तर ती गिळत चालली होती. बुटकीच्या आनंदाला पारावार नव्हता. "बाबा, दगडावरून घ्या! बाबा, ओढ्यातून!" बायकोही हसायला लागली. दुसऱ्या वळणानंतर हसता हसता तिच्या पायातली चप्पल आपसूक गळाली, डावा पाय वर आला आणि उजव्या मांडीखाली गेला. टाच गोलात बसली. तिनं मान मागे टेकली. तिच्या ध्यानातही आलं नाही.

मास्तरांनी करकचून ब्रेक लावला.

"सापडली जागा?" ते म्हणाले.

"कसली जागा?"

"तुझी. मोजून शिवल्यासारखी बसलीस म्हणून विचारलं." त्यांनी शर्टाच्या आतून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. "साहेब म्हणतात इथे कुणी बसलं नाही. तू म्हणतेस जीपमध्ये पाय ठेवला नाही. मग हा खड्डा कुणाचा? ही भोकं कुणाच्या कात्रीची? सव्वा वर्ष जी बस चुकायची, ती हीच का?"

"अहो, पोरगी आहे मागे," ती हळूच म्हणाली.

"असू दे! तिलाही कळू दे, आई संध्याकाळची कुणाकडे जायची ते. नवऱ्याकडे गाडी नव्हती ना, म्हणून गाडीवाला धरला!"

बोललेला शब्द आणि कापलेलं रेक्झिन परत जोडता येत नाही; शिवण दिसायची ती दिसतेच. हे मास्तरांनीच हजार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. बुटकीनं दोन्ही हात कानांवर घेतले, पण उशीर झाला होता.

"मास्तर, तोंड सांभाळा," मागून मोजणीसाहेब म्हणाले.

"साहेब, राहू द्या," बायको म्हणाली.

"का राहू द्या, सिस्टर? मला खोटं बोलता येत नाही हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं." ते मास्तरांकडे वळले. "माझी बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा. एवढ्या एवढ्या. दवाखान्यातून रोज कोण येणार वर? ही बाई यायची. ड्युटी संपली की मी खाली घ्यायला जायचो, ही तासभर जखमा धुवायची, तिला न्हाऊमाखू घालायची, आणि मी पायथ्याला सोडायचो. चौदा महिने. एक पैसा घेतला नाही. चार महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हा मी औषध आणायला गेलो होतो हो. हिच्या मांडीवर गेली ती."

इंजिन नुसतं चालू होतं.

"मी म्हटलं, सिस्टर, ही जीप तुम्ही घेऊन जा, मला काय करायचीय. तर म्हणाली, फुकट नको, अर्ध्या किमतीला द्या, आणि आमच्या ह्यांना कळता कामा नये. ते कुणाचे उपकार घेत नाहीत. पेपरात जाहिरात द्या, त्यांना वाटू दे त्यांनीच शोधली. इथे कुणी बसत नव्हतं, असं सांगायचंही हिनंच शिकवलं मला. का, तर म्हणे ते सीट वाचतात." मोजणीसाहेबांनी डोळे पुसले. "दिवसभर उभी असायची, मग माझ्याकडे तासभर. गाडीत बसली की चप्पल काढायची, पाय वर घ्यायची आणि पायथा येईपर्यंत झोपायची. मी हळू चालवायचो, जाग येऊ नये म्हणून. झोपेचा खड्डा आहे तो, मास्तर. दुसऱ्या कशाचा नाही."

मास्तरांचे हात स्टिअरिंगवर होते ते तिथेच राहिले. त्यांना बायकोकडे बघवेना. बघितलं तेव्हा ती मांडीवरचा कागद नीट उलगडून बघत होती. खडूचा छाप, कडेचे ठिपके. एखादीचा एक्स-रे तिच्याच हातात द्यावा तसं.

"कधी काढलात?" तिनं विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी." तिनं बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखी थांबली. "म्हणजे तीन दिवस तुम्ही हे उराशी धरून माझ्या हातचा चहा पीत होतात."

"विचारलं होतं मी तुला. तू नाही म्हणालीस," मास्तर कसंबसं म्हणाले.

"ते विचारणं नव्हतं. सापळा होता. विचारलं असतंत तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, गंमत गेली असती तर गेली असती." तिनं कागदाची होती तशी घडी घातली आणि त्यांच्यासमोर काचेशी ठेवली. पायात चप्पल सरकवली. दार उघडून उतरली आणि मागच्या दारापाशी गेली. "साहेब, तुम्ही पुढे बसता का?" म्हणाली. मोजणीसाहेब उतरून पुढे आले. ती बुटकीजवळ बसली, दारालगत. परतताना मोजणीसाहेब पुढच्या सीटवर अवघडून, अगदी कडेला बसले होते.

आता ही गाडी घ्यायची नाही, असं मास्तरांनी घरी सांगितलं. मला तोंड नाही म्हणाले. "का घ्यायची नाही?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं मी तो चढ चढलेय. पोरीनं यादी केलीय. घ्यायची." आणि घेतली. दारात उभी राहिली तेव्हा आजूबाजूचे बघायला आले, बायकोनं सगळ्यांना चहा दिला, आणि कुणाला काही कळलं नाही.

मास्तरांनी माफी मागितली. एकदा नाही, दहादा. पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, एकदा तेही केलं. ती म्हणाली, "उठा, काय हे." राग गेला का विचारलं तर म्हणाली, "राग नाहीच आहे." आणि खरंच नव्हता, हीच तर पंचाईत होती. राग असता तर भांडी आपटली असती, दोन दिवस अबोला धरला असता, माहेरी निघून गेली असती, आणि मास्तर मागोमाग जाऊन घेऊन आले असते. ती कुठे गेली नाही. स्वयंपाक करायची, डबा द्यायची, ताप आला तर कपाळावर हात ठेवायची. फक्त संध्याकाळी कारखान्यात यायची बंद झाली. चहा बुटकीच्या हाती खाली यायचा. कोपऱ्यातल्या सीटवर हळूहळू फोमचा चुरा साठला.

मग मास्तरांनी त्यांना येतं तेच केलं. जीपची पुढची डावी सीट काढली आणि पंधरा दिवस तिच्यावर काम केलं. उत्तम कातडं आणलं, तीन जातींचा फोम आणला. डावीकडे मऊ, उजवीकडे जरा उंच, मधोमध टाच विसावेल असा खळगा. कडेला आतून जाड पट्टी लावली, कात्री टोचली तरी भोक पडू नये म्हणून. माप कुठलं घेतलं असेल? तोच कागद. शेवटचा टाका घातला तेव्हा ते एकटेच मोठ्यानं रडले. मनातलं जे सांगता येत नव्हतं ते सगळं त्या सीटमध्ये भरलं होतं, आणि इतकी देखणी सीट त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला दवाखान्यात सोडायला निघाले. मास्तरांनी पुढचं दार उघडून धरलं. तिनं सीट बघितली. क्षणभर हात लावला, शिवणीवरून बोट फिरवलं. "छान झालीय," म्हणाली. आणि मागचं दार उघडून मागे बसली.

उद्या बसेल, मास्तर म्हणाले स्वतःशी.

यादीतली ठिकाणं एकेक होत गेली. पठार झालं, धरण झालं. तळ्याला निघाले त्या दिवशी बुटकीनं युक्ती काढली. "आई, तू पुढे बस ना, मला मागे आडवं व्हायचंय." आई म्हणाली, "माझ्या मांडीवर डोकं ठेव की." मग बुटकी बिचारी बापाची दया येऊन स्वतःच पुढे बसली. मैलभर गेल्यावर चुळबुळ करायला लागली. "बाबा, ही सीट मला होत नाही. मध्ये खड्डा आहे." मास्तरांनी गाडी थांबवली, ती मागे गेली. वळण आलं, आणि वळणावर खरंखुरं तळं दिसलं, निळंशार, खेळात असायचं तसं. मास्तरांनी गाडी हळू केली. त्यांचे कान मागे लागले होते. मागून फक्त बुटकी म्हणाली, "तळं आलं."

वर्ष झालं. गिऱ्हाइकं जीपमध्ये डोकावून म्हणायची, "मास्तर, काय सीट आहे! वर्ष वापरून नवी कोरी. हिला म्हणतात काम." मास्तर "हो" म्हणायचे आणि दुसरा विषय काढायचे.

परवा मागच्या सीटची शिवण उसवली. मागच्या सीटकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं, जुनंच कव्हर होतं. त्यांनी ती कारखान्यात आणून टेबलावर घेतली. हात सवयीनं फिरला, आणि नको नको म्हणत असतानाही वाचू लागला. उजवीकडे लेक: पसरून बसते, कधी आडवी होते, गुडघ्यानं पुढची पाठ ढकलते. डावीकडे, दारालगत, बायको. वर्षभर रोज येताजाता तिथे बसलेली. तिथे डावा-उजवा असा खड्डा नव्हता. टाचेचा गोल नव्हता. कात्रीचं एकसुद्धा भोक नव्हतं. कात्री काढून पर्समध्ये ठेवत असणार. पाठ टेकल्याची खूण नव्हती. फक्त पुढची कड, दाराजवळची, बोटभर दबलेली. दोन्ही पाय खाली, पर्स मांडीवर, गाडी थांबली की उतरायचं.

ही बैठक मास्तरांनी हजारदा वाचली होती. त्यासाठी कागद लागत नाही की खडू लागत नाही. टॅक्सीच्या मागच्या सीटला असते ती. परक्या गाडीत माणूस असंच बसतं.

जिन्यावर पावलं वाजली. बुटकी चहा घेऊन आली होती. "बाबा, काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही, शिवण उसवलीय," मास्तर म्हणाले, आणि दाभणात दोरा ओवायला लागले.